मध्यम खर्चात चांगला सीडी ट्रान्सपोर्ट : काय पाहून घ्यावा?

धागाकर्ता : तबकडीप्रेमी, पुणे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सुमारे ६०० ऑडिओ सीडी आहेत. त्यांत हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीत यांचा भरणा आहे आणि खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे घरच्या घरी बर्न करून ठेवलेल्या सीडी-आरही बऱ्याच आहेत. इतकी वर्षे इमानेइतबारे चाललेला प्लेयर आता तबकडी ओळखेनासा झाला असून त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, असे सर्व्हिस सेंटरने कळवले आहे.

ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि डॅक (डिजिटल आकड्यांचे ॲनालॉग आवाजात रूपांतर करणारे यंत्र) यांत मला बदल करायचा नाही. डॅक अलीकडचा आहे, त्यात ईएसएस साबर चिप आहे आणि कोॲक्सिअल, ऑप्टिकल व यूएसबी असे तिन्ही इनपुट आहेत. त्यामुळे पूर्ण प्लेयर घेण्याऐवजी केवळ ट्रान्सपोर्ट, म्हणजे तबकडी वाचून आकडे डॅककडे पाठवणारे यंत्र, घ्यावा असा विचार आहे. ४० ते ५० हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे, मात्र त्यापेक्षा कमी खर्चात काम होत असेल तर उरलेले पैसे वाचवायला आवडतील.

ट्रान्सपोर्ट फक्त आकडे वाचून पुढे पाठवतो, मग महाग आणि स्वस्त यंत्रांच्या आवाजात फरक का पडावा, हे मला नीट समजून घ्यायचे आहे. जुने यंत्र घेण्यात शहाणपण आहे का, हेही विचारायचे आहे. सध्या तात्पुरता डीव्हीडी प्लेयर जोडला आहे, पण त्यावर विलंबित ख्याल संपून द्रुत सुरू होताना मध्ये क्षणभर आवाज तुटतो आणि रसभंग होतो. सर्व सीडी रिप करून (संगणकावर फाइलरूपात उतरवून) हार्ड डिस्कवर ठेवाव्यात हा सल्ला कृपया देऊ नये. ते काम केलेले आहे, तरीही तबकडी लावून, तिची पुस्तिका हातात धरून सलग ऐकणे मला मोलाचे वाटते.

मुलुंडकर

नव्या यंत्रांपैकी दोन नावांचा विचार आधी करावा. पहिला केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी. हा २०१५ साली आला, त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. ट्रे बाहेर येणारा, केवळ ऑडिओ सीडीसाठी बनवलेला, संगणकाच्या ड्राइव्हसारखा अनेकपट वेगाने न वाचता नेहमीच्या एकपट वेगानेच वाचणारा ड्राइव्ह त्यात आहे आणि मागे कोॲक्सिअल व ऑप्टिकल असे दोन आउटपुट आहेत. दुसरा ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी. याला ट्रे नसून फटीतून तबकडी आत सरकवायची असते, आणि वाचलेला मजकूर थोडा आधीच साठवून ठेवणारा बफर त्यात आहे, ज्यामुळे चरे पडलेल्या तबकड्याही बऱ्यापैकी वाचल्या जातात असे बनवणाऱ्यांचे म्हणणे आहे. दोन्हींचे भारतातील भाव आयातीच्या खेपेनुसार बदलतात, म्हणून विक्रेत्याकडून लेखी कोटेशन आणि वॉरंटीचा कागद दोन्ही घ्यावेत.

आणखी एक मार्ग आहे, त्याकडे उगाच दुर्लक्ष होते. मॅरँट्झ सीडी६००७, यामाहा सीडी-एस३०३, एनएडी सी ५३८ किंवा केंब्रिजचाच एएक्ससी३५ हे पूर्ण प्लेयर आहेत, पण त्यांना डिजिटल आउटपुट आहे. तेथून तुमच्या डॅकला तार जोडली की तो प्लेयर ट्रान्सपोर्टच झाला. एएक्ससी२५ मात्र घेऊ नये, त्याला डिजिटल आउटपुट नाही.

पेटीवाला

तबकडीप्रेमी, आपण विचारलेला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सीडीवरील माहितीची वाट आतून बाहेर सर्पिलाकार जाते आणि तिच्या दोन वेढ्यांमधले अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर असते. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेझर १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटमधून त्या वाटेवर नेमका केंद्रित करावा लागतो. तबकडी थोडी वाकलेली असते, तिचे मध्यछिद्र अगदी मध्यभागी नसते, आणि तरीही दर क्षणी भिंग वर-खाली आणि आजूबाजूला हलवून किरण त्या वाटेवर ठेवण्याचे काम सर्व्हो यंत्रणा करते. रेषीय वेग कायम ठेवायचा असल्याने आतल्या कडेला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला पोहोचेपर्यंत हा वेग सुमारे २०० फेऱ्यांपर्यंत उतरतो. ट्रान्सपोर्टची खरी परीक्षा येथे आहे. ती यांत्रिक आणि प्रकाशीय आहे, आणि आपण पैसे मोजायचे ते मुख्यतः याच कौशल्यासाठी.

वाचलेल्या माहितीत चुका असतातच. त्या दुरुस्त करण्यासाठी तबकडीवर जास्तीची माहिती लिहिलेली असते आणि ती माहिती मूळ आकड्यांमध्ये दूरवर विखरून ठेवलेली असते. त्यामुळे वाटेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुटवडाही पूर्णपणे भरून निघतो आणि मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. चरा त्याहून मोठा असेल तर यंत्र आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरते, आणि तेही शक्य नसेल तर आवाज क्षणभर बंद करते. केंद्रापासून कडेकडे गेलेला चरा सहसा निभावून जातो, पण वाटेच्या दिशेने गेलेला गोल चरा घातक ठरतो. तबकडी पुसताना आतून बाहेर सरळ पुसावी असे म्हणतात त्याचे कारण हेच.

चांगल्या स्थितीतील तबकडीवर मात्र साधा, निरोगी प्लेयरही सर्व आकडे अचूक देतो. मी हे तपासले आहे. प्लेयरचा डिजिटल आउटपुट ध्वनिकार्डाच्या डिजिटल इनपुटला जोडला, कार्ड प्लेयरच्याच घड्याळावर चालेल अशी मांडणी केली, आणि मिळालेली फाइल ॲक्युरेटरिपने (इतरांच्या रिपशी तुलना करून अचूकता तपासणाऱ्या सेवेने) पडताळलेल्या रिपशी जुळवून एकीतून दुसरी वजा केली. स्वच्छ तबकडीवर बाकी शून्य आली. चरे पडलेल्या तबकडीवर मात्र तुरळक ठिकाणी फरक दिसले, आणि ते वेगवेगळ्या प्लेयरमध्ये वेगवेगळ्या जागी होते. माझ्या मते स्वस्त आणि महाग यंत्रांतला निर्विवाद फरक हाच आहे की बिघडलेली तबकडी कोण किती सांभाळून घेतो.

मारवा

पेटीवाला यांच्या बहुतेक मजकुराशी सहमत आहे, परंतु वेळेचा मुद्दा सुटला आहे. कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल तारेतून केवळ आकडे जात नाहीत, त्यांच्यातच घड्याळाचा ठोकाही गुंफलेला असतो, आणि डॅकला तो त्या प्रवाहातूनच काढून घ्यावा लागतो. ट्रान्सपोर्टचे घड्याळ अस्थिर असेल तर ते ठोके थोडे पुढे-मागे होतात. यालाच जिटर म्हणतात. माझ्याकडे फिलिप्सच्या टीडीए१५४१ चिपवर आधारलेला जुना डॅक आहे आणि त्यावर दोन ट्रान्सपोर्टमधला फरक मला स्पष्ट जाणवतो. तंबोऱ्याच्या झंकाराचा शेवट कुठे विरतो, हे एकावर नीट ऐकू येते आणि दुसऱ्यावर ते धूसर होते. त्यामुळे सर्व ट्रान्सपोर्ट सारखेच, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

पेटीवाला

मारवा, आपला मुद्दा योग्य आहे आणि आपल्या डॅकच्या बाबतीत तो लागूही पडतो. जुन्या डॅकमधील साधे रिसीव्हर (डिजिटल प्रवाह स्वीकारणारी सर्किटे) येणाऱ्या ठोक्यामागे जवळजवळ जसेच्या तसे धावतात, त्यामुळे ट्रान्सपोर्टचा दोष थेट ॲनालॉग आवाजापर्यंत पोहोचतो. धागाकर्त्यांकडील डॅकमध्ये ईएसएस साबर चिप आहे. या चिपमध्ये येणारा प्रवाह डॅकच्या स्वतःच्या क्रिस्टल घड्याळावर नव्याने बसवला जातो आणि ट्रान्सपोर्टकडून आलेला जिटर फार मोठ्या प्रमाणात गळून पडतो. जुना, साधा डॅक असेल तर ट्रान्सपोर्टच्या घड्याळावर खर्च करण्याला अर्थ आहे. आधुनिक डॅक असेल तर तोच पैसा यंत्रणेच्या मजबुतीवर, सुट्या भागांच्या खात्रीवर किंवा सरळ नव्या सीडींवर घालवावा, असे माझे ठाम मत आहे.

आकडे अबाधित पोहोचतात की नाही, याची एक घरगुती कसोटी आहे. १९९०च्या दशकात डीटीएस या सराउंड आवाजाच्या सांकेतिक पद्धतीच्या काही ऑडिओ सीडी निघाल्या होत्या. अशी सीडी ट्रान्सपोर्टवर लावून डिजिटल आउटपुट होम थिएटरच्या ए-व्ही रिसीव्हरला जोडावा. रिसीव्हरच्या पडद्यावर डीटीएस ही अक्षरे उमटली आणि संगीत सुरळीत वाजले, तर वाटेत कोणीही आकड्यांना हात लावलेला नाही. यंत्र आतल्या आत आवाजाची पातळी किंवा सॅम्पलिंग बदलत असेल तर रिसीव्हरला तो प्रवाह उलगडता येत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. ही सीडी साध्या डॅकवर मोठ्या आवाजात लावू नये. तेथे ती तीव्र खरखर होऊन बाहेर पडते आणि ट्वीटरला (उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला) इजा होऊ शकते.

तबकडीप्रेमी, पुणे

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या डॅकच्या बाबतीत काय महत्त्वाचे आणि काय नाही, हे स्पष्ट झाले. दोन ट्रॅकमध्ये आवाज तुटतो त्याचे काय? आणि संगणकाचा यूएसबी सीडी ड्राइव्ह थेट डॅकच्या यूएसबीला जोडून काम भागेल का?

मुलुंडकर

यूएसबी ड्राइव्ह थेट चालणार नाही. ड्राइव्ह आणि डॅक ही दोन्ही आज्ञा पाळणारी उपकरणे आहेत, त्यांना आज्ञा देणारा संगणक मध्ये लागतोच.

आवाज तुटण्याची कारणे दोन असू शकतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. काही डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेयर प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र फाइलसारखा उघडतात आणि मध्ये क्षणभर थांबतात. हा यंत्राचा स्वभाव असतो, तो सेटिंगने जात नाही. ऑडिओ सीडीसाठी बनवलेला प्लेयर वाट न सोडता वाचत राहतो आणि ट्रॅकचा क्रमांक फक्त पडद्यावर बदलतो, म्हणून त्यावर ही अडचण येत नाही. दुसरे कारण तुमच्या सीडी-आरमध्ये असू शकते. बर्न करताना प्रत्येक ट्रॅक वेगळा लिहिण्याचा पर्याय निवडला असेल, तर दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता तबकडीवरच लिहिली जाते, आणि जगातला कोणताही ट्रान्सपोर्ट ती काढू शकत नाही. संपूर्ण तबकडी एका दमात लिहिण्याचा पर्याय निवडला असेल तर हे घडत नाही. बाजारातून विकत घेतलेली सीडी आणि घरी बर्न केलेली सीडी अशी दोन्हींवर चाचणी करून पाहा, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल.

सोल्डरगन, कोल्हापूर

मी दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे जुन्या यंत्रांविषयी माझ्या बाकावर जे दिसते ते लिहितो.

तबकडी ओळखत नाही ही तक्रार आली की ग्राहक लगेच लेन्स बदलायला सांगतो. घाई करू नये. संगीताची मांडणी देवघराजवळ असेल तर उदबत्तीच्या धुराचा तेलकट थर भिंगावर बसतो, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत त्यावर धूळ चिकटून बसते. अशा वेळी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओलावा देऊन भिंग अगदी हलक्या हाताने, गोलाकार पुसावे. भिंग केसासारख्या बारीक तारांवर टांगलेले असते, दाब दिला तर त्या वाकतात. थिनर किंवा ॲसिटोन वापरले तर प्लॅस्टिकचे भिंग कायमचे धुरकट होते. त्यानंतर ट्रेचा रबरी पट्टा पाहावा. तो ताठरला की ट्रे अर्ध्यावर अडतो किंवा तबकडी नीट दाबली जात नाही, आणि दोष मात्र लेझरवर ढकलला जातो. शेवटी लेझर ज्यावरून सरकतो त्या दांडीवरचे वंगण तपासावे. सुकून मेणासारखे झालेले वंगण असेल तर शेवटच्या ट्रॅककडे जाताना यंत्र अडखळते. हे सगळे करूनही तबकडी ओळखली गेली नाही, तरच लेझर थकला असे समजावे.

लेझर बदलायचाच असेल तर त्याचा क्रमांक निर्णायक ठरतो. सोनीचा केएसएस-२१३, सॅन्योचा एसएफ-पी१०१एन आणि फिलिप्सचा व्हीएएम१२०२ हे असंख्य प्लेयरमध्ये वापरले गेले, म्हणून ते आजही मिळतात. मात्र त्याच क्रमांकाच्या निकृष्ट नकलाही बाजारात आहेत, म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडूनच घ्यावेत. नवा लेझर बसवताना त्याच्या सर्किटवर सोल्डरचा एक लहानसा ठिपका असतो. स्थितिक विजेपासून डायोड वाचावा म्हणून तो कारखान्यातच घातलेला असतो, आणि बसवल्यावर तो काढावा लागतो. तो न काढल्यामुळे नवा लेझर मेलेलाच आला असे समजून परत केलेली उदाहरणे मी पाहिली आहेत. फिलिप्सच्या झुलत्या हाताच्या जुन्या यंत्रणा, म्हणजे सीडीएम-१, सीडीएम-२ आणि सीडीएम-४, अतिशय टिकाऊ आहेत आणि मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे, पण त्यांचे नवे भाग आता बनत नाहीत. रोज ऐकण्यासाठी एकमेव यंत्र म्हणून मी ते सुचवणार नाही.

जुना प्लेयर घ्यायला जाताना ७० मिनिटांहून मोठी एक सीडी आणि घरची एक सीडी-आर सोबत न्यावी. तबकडी टाकल्यापासून ट्रॅकची संख्या दिसेपर्यंत किती वेळ जातो ते पाहावे. मग पहिल्या ट्रॅकवरून थेट शेवटच्या ट्रॅकवर उडी मारावी. तबकडीचे डोलणे कडेला सर्वाधिक असते आणि लेझरचा प्रवासही तेथेच संपतो, म्हणून दुखणे असेल तर ते तेथे उघडे पडते. पुन्हा पहिल्या ट्रॅकवर यावे. यंत्र तापल्यानंतर दिसणारे दोष पाच मिनिटांत दिसत नाहीत, म्हणून संपूर्ण सीडी वाजू द्यावी. विक्रेत्याला एवढा वेळ नसेल तर व्यवहार सोडून द्यावा. सीडी-आर वाचली जात नसेल तर ती फायनलाइज केलेली आहे की नाही, म्हणजे बर्न केल्यावर तिचे लेखन कायमचे बंद केले आहे की नाही, हे आधी तपासावे, कारण फायनलाइज न केलेली तबकडी साधा प्लेयर वाचत नाही.

थेम्सकाठ, लंडन

पुण्या-मुंबईचे नातेवाईक माझ्याकडे येथून ट्रान्सपोर्ट आणण्याविषयी चौकशी करतात, म्हणून लिहितो. ब्रिटनमधील यंत्रे २३० व्होल्टची असल्याने भारतात तशीच चालतात, फक्त पिन बदलावी लागते. जपानमधून येणारी जुनी यंत्रे मात्र १०० व्होल्टची असतात. त्यांना योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि घरातील कोणी चुकून ते यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला लावले तर नुकसान ठरलेले. बाहेरून आणलेल्या यंत्राची वॉरंटी भारतात सहसा मान्य होत नाही आणि सीमाशुल्कही भरावे लागते. ट्रान्सपोर्टसारख्या हलत्या भागांच्या यंत्रासाठी हा धोका पत्करू नये, असे मला वाटते. डॅक किंवा ॲम्प्लिफायरच्या बाबतीत मी इतका आग्रह धरला नसता.

मारवा

जुन्या सीडी बाळगणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १९८०च्या दशकातील काही सीडी, विशेषतः जपानमध्ये छापलेल्या, प्री-एम्फसिस वापरून तयार केलेल्या आहेत, म्हणजे त्यांत वरचे स्वर मुद्दाम वाढवून लिहिलेले आहेत आणि ते वाजवताना पुन्हा खाली आणावे लागतात. त्यासाठीची खूण तबकडीवर असते आणि ट्रान्सपोर्ट ती डॅककडे पाठवतो, पण आजचे काही डॅक ती खूण पाहतच नाहीत. एखादी जुनी सीडी नव्या मांडणीवर अकारण कर्कश वाटू लागली, तर ट्रान्सपोर्टला दोष देण्यापूर्वी ही शक्यता तपासावी. पूर्ण प्लेयरचा ॲनालॉग आउटपुट ही खूण सहसा ओळखतो, त्यामुळे मुलुंडकरांनी सुचवलेल्या प्लेयरचा येथे एक जास्तीचा फायदा आहे.

तबकडीप्रेमी, पुणे

सर्वांचा सल्ला वाचून चाचणी केली. विकत घेतलेल्या सीडीवरही डीव्हीडी प्लेयर ट्रॅक बदलताना थांबतो, म्हणजे दोष त्याचाच आहे. दोन सीडी-आरमध्ये मात्र दोन सेकंदांची शांतता खरोखरच लिहिलेली निघाली. त्या मूळ फाइलींवरून पुन्हा बर्न करीन.

माझ्या बऱ्याच सीडी-आरवर छापील कागदी लेबले चिकटवलेली आहेत. फटीतून आत ओढणाऱ्या यंत्रात त्यांची कड उचकटून तबकडी अडकण्याची भीती वाटते, म्हणून ६०००सीडीटीचा विचार सोडला आहे. सीएक्ससी आणि एएक्ससी३५ ही दोन नावे उरली आहेत. दुकानात दोन्हींवर माझ्या सर्वांत खराब तबकड्या लावून पाहीन आणि एएक्ससी३५ त्या बिनचूक वाजवत असेल तर तोच घेईन. प्री-एम्फसिसच्या सीडींसाठी त्याचा ॲनालॉग आउटपुटही हाताशी राहील. एक शेवटची शंका आहे. एएक्ससी३५ला फक्त कोॲक्सिअल आउटपुट आहे. माझ्या ॲम्प्लिफायरला केबल टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही जोडलेला आहे, तर काही अडचण येईल का?

पेटीवाला

येऊ शकते. केबल टीव्हीच्या तारेच्या बाहेरच्या जाळीतून बाहेरचे अर्थिंग घरात येते आणि घरातील अर्थिंगशी ते जुळत नाही, तेव्हा स्पीकरमधून सतत गुणगुण ऐकू येते. कोॲक्सिअल तार या दोन अर्थिंगना आणखी एक रस्ता जोडून देते, तर ऑप्टिकल तारेतून वीज वाहतच नसल्याने तिच्यामुळे ही साखळी पूर्ण होत नाही. म्हणून दुकानातून आणल्यावर आधी सेट-टॉप बॉक्सची आरएफ तार, म्हणजे बाहेरून येणारी केबल टीव्हीची तार, काढून ऐका, मग ती लावून ऐका. गुणगुण केवळ तार लावल्यावर येत असेल तर बॉक्सच्या आधी केबल टीव्हीसाठीचा आयसोलेटर (दोन अर्थिंगमधला संबंध तोडणारा जोड) बसवा, किंवा सीएक्ससी घेऊन ऑप्टिकल तारेने जोडा. ऑप्टिकल तार भिंतीजवळ काटकोनात दुमडू नये, आतील तंतू मोडतो. कोॲक्सिअल तारेसाठी फार खर्च करण्याची गरज नाही. ७५ ओहमची आरजी-६ तार आणि तिला नीट बसवलेले आरसीए प्लग एवढे एक-दीड मीटर अंतरासाठी पुरेसे आहे.